टोचणाऱ्या काकू

टोचणाऱ्या काकूंना शिव्या खायला आवडत. आवडत म्हणजे, तशी त्यांची अटच होती. सुई टोचून झाली, कापूस दाबून झाला, की त्या आपली पिशवी उचलत, पायांत चपला सरकवत आणि दार ओढून घेण्याआधी आतल्या खोलीत मला ऐकू जाईल असं खाकरत, म्हणजे 'हं, करा सुरू.' मग मी आणि माझी मुलगी सई, दोघी मिळून बंद दाराकडे तोंड करून त्यांचा यथेच्छ उद्धार करायचो. शिव्या मनापासून हव्यात, नाटकी चालणार नाहीत, हे त्यांनी मला आधीच बजावलं होतं. "पोरांना खोटं लगेच कळतं. तुम्ही शाळेत शिकवता, तुम्हाला मी काय सांगायचं!" जिन्याच्या चार पायऱ्या उतरून त्या थांबत आणि सगळं ऐकून मगच खाली जात.

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. 'अत्यंत प्रेमळ व मायाळू व्यक्तिमत्त्व हरपले' असं सेक्रेटरींनी लिहिलं. काकूंनी ते वाचलं असतं तर सेक्रेटरींची खैर नव्हती. एका मुलीनं आपल्याला प्रेमळ समजू नये म्हणून या बाईनं वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं होतं, आणि ते यशस्वी करून दाखवलं होतं. मला तो शब्द बघवेना. फोन पालथा ठेवला. तो शब्द अजून खुपतो, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सई पहिलीत होती तेव्हा तिच्या किडन्यांचं दुखणं उघड झालं. सकाळी उठली की तिचे डोळे सुजलेले असायचे आणि आम्ही म्हणायचो, झोप झाली नाही वाटतं. पुढचं सगळं सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना ते पाठ आहे आणि ज्यांच्या घरात झालं नाही त्यांना ते कधी कळू नये. किडन्या थकल्या की अंगातलं रक्त कमी होतं आणि उंचीही खुंटते. या दोन्हींची औषधं सुईनंच द्यायची होती. रक्ताचं आठवड्यातून दोनदा, उंचीचं रोज. "घरीच देता येईल, आईनं शिकून घ्या, मुलं आईचंच ऐकतात," असं दवाखान्यात सांगितलं. मी संत्र्यावर टोचून टोचून शिकले. पण संत्रं ओरडत नाही.

आणि मुलं आईचं ऐकतात हे कोणी ठरवलं कोण जाणे. थोड्याच दिवसांत अशी पाळी आली की मी कंगवा घेऊन वेणी घालायला गेले तरी सई मान आक्रसून घ्यायची. दुधाचा पेला पुढे केला तर आधी माझा दुसरा हात कुठे आहे ते बघायची. नवरा हिंजवडीहून कंपनीच्या बसनं दमून यायचा, तिचे पाय धरायचा आणि स्वतःच रडायला लागायचा, त्याचा काही उपयोग नव्हता. एकदा सई झोपेत माझ्या कुशीत सरकली. तिला जाग आली, कुशीत घेणारी मी आहे हे तिनं पाहिलं आणि ती परत भिंतीकडे सरकली. मी तशीच पडून राहिले. मुलगी आजारी आहे हे मी कसंबसं सोसत होते, पण ती मला घाबरते हे मला सोसेना.

काकू आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढून निवृत्त झालेल्या, यजमान नाहीत, मुलगा-सून वाघोलीला. तोवर आमचा संबंध जिन्यातल्या 'काय, बरं आहे?' एवढाच. एका संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. "कोण मारतंय पोरीला?"

"मारत नाही हो, इंजेक्शन द्यायचंय," मी म्हणाले. माझ्या हातात सुई, सई जेवणाच्या टेबलाखाली, आणि मी गुडघ्यांवर बसून तिला 'बाहेर ये, राणी' म्हणत होते.

काकूंनी एकदा टेबलाखाली वाकून पाहिलं आणि सईला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आणा ती सुई इकडे. मला पोरांना टोचायला फार आवडतं." सईला बाहेर ओढून, टोचून, ती किंचाळत असतानाच त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि एकदम हळू आवाजात बोलल्या. "हे बघा सईच्या आई, दुखवणारं माणूस आणि जवळ घेणारं माणूस एकच असलं तर पोरानं जायचं कुठे? उद्यापासून मी येईन. मी आले की तुम्ही आतल्या खोलीत जायचं, दार लावायचं. मी गेले की धावत यायचं, तिला घ्यायचं आणि मला शिव्या घालायच्या." मी म्हणाले, अहो, शिव्या कशा घालणार, तुम्ही आमच्यावर उपकार करताय. तर म्हणाल्या, "उपकाराचं मग बघू. आधी शिव्या."

काकूंचा हात हलका होता असं मी मुळीच म्हणणार नाही. सगळा जन्म रांगेतल्या माणसांना 'चला, पुढचा' म्हणत टोचण्यात गेलेला. औषधाची कुपी फ्रिजमधून लवकर काढून त्या मुठीत धरून बसत, गार औषध जास्त झोंबतं म्हणून. पण तेवढंच. सईला दुखायचं, रोज दुखायचं. डॉक्टरांनी कातडी बधिर करणारं मलम दिलं होतं, ते तासभर आधी लावायचं. त्यानं कातडी बधिर व्हायची, भीती होत नसे. मलम लागलं की सईला कळायचं, आता तास राहिला, आणि ती तो अख्खा तास रडायची. शेवटी डॉक्टरांना विचारून आम्ही ते बंद केलं. तेव्हापासून कोणी 'आता किती सोयी झाल्यात' म्हणालं की मला त्या तासाची आठवण येते.

'मुंगी चावेल हं, फक्त मुंगी' हे वाक्य काकूंना खपत नसे. एकदा सईची आत्या ते म्हणाली, तर काकू सुई हातात घेऊन तिच्याकडे वळल्या. "तुम्हाला कधी अशी मुंगी चावली आहे का? आणा हात इकडे, दाखवते." आत्या त्यानंतर इंजेक्शनच्या वेळी आमच्याकडे आली नाही. 'शूर मुलं रडत नाहीत' यावरही त्यांचा तसाच राग. "शूर होऊन तिला काय शनिवारवाड्यावर जायचंय? दुखणार आहे सई, चांगलंच दुखणार आहे. ओरड." आणि सई ओरडायची. भेटायला येणारे लोक शहाळी घेऊन यायचे, किडनीच्या मुलांना शहाळं चालत नाही हे त्यांच्या गावीही नसायचं. त्यांना काकू जिन्यातच अडवत. "नारळ परत न्या. प्यायचाच असेल तर इथेच बसून प्या."

शिव्यांच्या बाबतीत मात्र सईची प्रतिभा फुलून आली. मला 'दुष्ट', 'मेली' यापलीकडे काही सुचत नसे. सई 'कारलं', 'किडकं वांगं', 'बंद पडलेली पीएमटीची बस' असं एकेक काढायची आणि डोळ्यांतलं पाणी सुकायच्या आत आम्ही दोघी हसत असायचो. दुसऱ्या दिवशी काकू मला पार्किंगमध्ये गाठून अभिप्राय द्यायच्या. "'शिळी इडली' लागलं हो मला. फार लागलं. पण 'कारलं' या आठवड्यात पुन्हा आलं. मराठीच्या बाईंच्या घरी शब्दांचा एवढा दुष्काळ?" सई पुन्हा माझ्या कुशीत झोपायला लागली. मला माझी मुलगी परत मिळाली होती, आणि ती कशाच्या मोबदल्यात मिळाली याचा विचार करायला मला फुरसत नव्हती.

किंमत काकू मोजत होत्या. सईचं ओरडणं जिन्यात ऐकू जायचं, त्यामुळे इमारतीतल्या सगळ्या आयांना आयता बागुलबुवा मिळाला. जेव, नाहीतर टोचणाऱ्या काकूंना बोलावते. झोप, नाहीतर टोचणाऱ्या काकू येतील. काकू फाटकातून शिरल्या की खेळणारी मुलं गाड्यांच्या मागे पळायची. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा नातू वाघोलीहून राहायला आला. तो खाली खेळायला गेला आणि ऐकून आला, तो काही केल्या आजीच्या मांडीवर बसेना. दोन दिवसांचा मुक्काम एका दिवसात आटोपून सून त्याला घेऊन गेली. "माझं काय जातंय," काकू मला म्हणाल्या. "घरात पसारा तरी कमी." मंडईतून त्याच्यासाठी आणलेली दोन डझन सीताफळं त्यांनी सगळ्या मजल्यांवर वाटून टाकली. आमच्याकडे सोडून, कारण सईला तेही चालत नव्हतं.

एकदाच त्या डगमगल्या. सईच्या वाढदिवसाला दाराच्या कडीला एक पुडी अडकवलेली मिळाली, आत फुलपाखरांच्या दोन क्लिपा. सई नाचायलाच लागली. "कोणी दिल्या?" मी खाली जाऊन विचारलं, सांगू का? काकू म्हणाल्या, "आत्यानं दिल्या म्हणा." त्या क्लिपा लावून सई पार्किंगमध्ये हिंडायची, काकू दिसल्या की माझ्यामागे लपायची, आणि माझ्या कमरेच्या मागून काकूंना फक्त त्या क्लिपा दिसायच्या. मी म्हणायचे, काकू, पुरे करू या आता, सांगून टाकू तिला. त्यांचं उत्तर ठरलेलं. "बरी झाली की सांगू. बाबांची किडनी तिला बसली, सुया सुटल्या, की मी पेढे घेऊन येते आणि तिघी मिळून हसू."

सई मोठी होत गेली तशा शिव्यांतल्या भाज्या कमी झाल्या. चौथीत होती तेव्हाची गोष्ट. डायलिसिस सुरू झालं होतं, दवाखान्यातही सुया, घरीही सुया, दोन्ही हात काळेनिळे. काकू टोचून बाहेर पडल्या, मी धावत आले आणि नेहमीसारखी 'मेली कुठली' म्हणाले. सई हसली नाही. दाराकडे बघत शांतपणे म्हणाली, "मरू दे ती." जिन्यात चपलांचा आवाज बराच वेळ झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले तर काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काल पहिल्यांदा बरोबर जमलं तिला."

तेव्हाच मला कळायला हवं होतं असं नाही, कळलंच होतं. आम्ही रचलेला खेळ सईच्या लेखी कधीच खेळ नव्हता. तिला एक बाई रोज येऊन दुखवत होती आणि तिची आई त्या बाईला रोज हाकलून देत होती. तेच तिचं जग होतं. ते बरं झाल्यावर मोडता आलं असतं. पण ती बरी होईना.

बाबांची किडनी द्यायची सगळी तयारी झाली होती. त्याआधीच डायलिसिससाठी गळ्याशी बसवलेल्या नळीतून जंतू रक्तात शिरले आणि सईला अतिदक्षता विभागात हलवलं. ताप उतरेना. डॉक्टर आमच्याशी बोलताना खाली बघायला लागले. काकू रोज दुपारी रिक्षानं यायच्या आणि बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. आत येत नसत. पहिल्या दिवशी दाराच्या काचेतून सईला त्यांचा चेहरा दिसला होता, तर तिनं सलाईनचा हात पांघरुणाखाली ओढून घेतला आणि सगळी यंत्रं वाजायला लागली. त्यानंतर त्या काचेसमोरूनही गेल्या नाहीत, पलीकडच्या जिन्यानं वळसा घालून यायच्या.

मी बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसले. "काकू, मी आज तिला सगळं सांगते."

"काय सांगणार?"

"तुम्ही वाईट नाही म्हणून. क्लिपा तुम्ही आणल्या म्हणून."

काकू समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मग वाईट कोण? एवढं दुखतंय पोरीला, कोणीतरी वाईट पाहिजेच ना तिला. मला काढून घेतलंत तर उरलं कोण? देवाचं मी बोलत नाही, त्याचा माझा संबंध नाही. मग उरता तुम्ही."

"पण ती अशीच गेली तर..." ते मी पहिल्यांदाच तोंडानं उच्चारलं होतं.

"जाऊ दे की रागावून," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, फक्त पिशवीचे बंद त्यांनी मुठीत घट्ट धरले होते. "घाबरून जाण्यापेक्षा रागावून गेलेली बरी. तुम्ही आत जा. ती एकटी आहे."

मी आत गेले. सईनं डोळे उघडले. "बाहेर टोचणारी आहे का?"

"आली होती," मी म्हणाले. "हाकलून दिलं तिला."

"काय म्हणालीस?"

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर सगळं ऐकू जात होतं हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "म्हटलं, शिळ्या इडले, चालती हो."

सई हसली. ओठ सुकलेले होते, त्यामुळे हसताना तिला त्रास झाला. "ते जुनं आहे. नवीन सांग ना."

मला नवीन सुचलं नाही. मी वर्षानुवर्षं वर्गात फळा भरभरून समानार्थी शब्द लिहिले आहेत, पण त्या वेळी मला एकही शब्द सुचला नाही. मी तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिले आणि ती वाट बघता बघता झोपली. बाहेर आले तेव्हा काकू म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. जुनंच होतं."

त्यानंतरच्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. काकूंनी टोचणं सोडलं. सोसायटीतलं कोणी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलं तर 'हात गेला माझा' म्हणून दारातूनच परत पाठवायच्या. त्यांचा हात ठणठणीत होता, मी त्यांना एका हातानं गॅसचं सिलिंडर सरकवताना पाहिलं आहे. मुलं त्यांना घाबरायची ती घाबरायचीच, नव्या मुलांना तर का घाबरायचं हेही माहीत नव्हतं. शेजारपाजारचे लोक मला आता अवघडून 'मॅडम' म्हणायला लागले होते. काकू मात्र भर जिन्यात 'काय सईच्या आई' अशीच हाक मारत राहिल्या, शेवटपर्यंत. आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायला काही उरलं नव्हतं. मला त्यांचे आभार मानता येत नव्हते आणि शिव्याही देता येत नव्हत्या. एकदा गच्चीत कपडे वाळत घालताना त्या अचानक म्हणाल्या, "घाला की एखादी. फार दिवस झाले." मी ओले कपडे तसेच बादलीत टाकून खाली आले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी पांढरी साडी नेसून गेले होते. बुद्धवंदना झाली. सून आता कॉलेजात जाणाऱ्या नातवाला घेऊन पुढे बसली होती. कोणीतरी म्हणालं, आठवणी सांगा. लोक उठून दवाखान्यातल्या नोकरीबद्दल बोलले, त्यांच्या शिस्तीबद्दल, वेळेच्या पक्केपणाबद्दल बोलले. माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. नातवासमोर तरी बोलायला हवं होतं असं वाटतं, पण मग मला सईच्या शेवटच्या दिवसाबद्दल बोलावं लागलं असतं आणि ते मला उभं राहून जमलं नसतं. इथे लिहून टाकते.

सई गेली ती दुपारी. यंत्रं एकेक करून बंद केली तेव्हा ती खोली किती लहान आहे ते कळलं. नवरा कागदांवर सह्या करायला गेला होता. मी पलंगाशी बसले होते. दार थोडंसं लोटलं गेलं आणि काकूंचा आवाज आला, "आता येऊ का आत?"

मी मान हलवली. त्या आल्या आणि पायथ्याशी उभ्या राहिल्या. तिथली सिस्टर सईच्या हाताला, गळ्याला लावलेल्या चिकटपट्ट्या काढत होती. तरुण मुलगी होती बिचारी, तिला पुढची कामं होती, ती भराभर ओढून काढत होती. प्रत्येक पट्टीबरोबर सईची कातडी थोडी वर उचलली जायची आणि परत खाली बसायची.

"थांबा," काकू म्हणाल्या. "तशी ओढू नका. मी काढते."

सिस्टर म्हणाली, "अहो आजी, आता..." आणि थांबली.

काकूंनी तिच्या ट्रेमधला कापूस घेतला, पाण्यात भिजवला आणि पट्टीच्या कडेशी धरला. कड सुटेपर्यंत धरून ठेवला. मग कातडी एका बोटानं दाबून धरत पट्टी केसभर, केसभर सोडवत नेली. ती निघाली की पुढची. मधेच त्यांनी कापूस बदलला. बाहेर स्ट्रेचर घेऊन आलेला माणूस दोनदा डोकावून गेला, पण त्याला कोणी आत बोलावलं नाही. सईचा हात काकूंच्या हातात होता आणि तो मागे ओढला जात नव्हता. सुईशिवाय काकूंना तिच्या इतक्या जवळ मी पहिल्यांदाच पाहत होते.